एकतीस घरं, एकतीस मुलं

नैरोबी, १४ जुलै

प्रिय स्योम्बुआ मावशी,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना नमस्कार. मी बरी आहे. इकडे थंडी फार आहे. तुमचे मूग काढून झाले असतील. आईने दिलेली चादर या पत्राबरोबर मुतुआच्या हाती पाठवते आहे. आरोग्यसेविका म्हणून मिळालेला फोन तू दवाखान्यात परत केलास म्हणे, म्हणून कागदावर लिहिते.

चादर म्वेंदेला दे. तिला लाल रंग आवडतो.

हे वाक्य लिहिलं आणि थांबले. खोडत नाही.

शुक्रवारी लशीची चौकशी झाल्यावर मी तुझ्या घरी आले, तेव्हा म्वेंदे भिंतीला हात लावत दारापर्यंत आली. तीन वर्षांचं पोर. माझा फोन तिच्या हाताला लागला. तिने त्याच्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे काय आहे?" गोवराने डोळे गेले, हे मला आईने सांगितलं होतं. ऐकणं वेगळं. मी फोन पिशवीत टाकला.

लस कमी पडली, हे तुला माहीत आहे. का पडली, तेही माहीत आहे. तरी मला ते लिहू दे.

तुझ्या वहीत प्रत्येक घराचं पान होतं, आणि पानावर मुलांची नावं, एकाखाली एक. बेरीज दवाखान्यात नर्स करायची. तुमच्यासाठी फोनवरचा फॉर्म केला तेव्हा मी नावं काढून टाकली. तिथे एकच चौकट ठेवली: घरात मुलं किती? नावं लिहायला चार मिनिटं लागत, आकड्याला दहा सेकंद. त्याबद्दल ऑफिसात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या.

आमची आईसुद्धा आम्हाला कधी मोजायची नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "आहेत, देवाच्या दयेने." मोजलं की त्यातलं एक जातं, हे मी दूध पिताना शिकले. आणि ती चौकट मीच केली.

फॉर्मच्या चाचणीच्या दिवशी तू फोन मांडीवर पालथा ठेवलास.

"पोरी, आईच्या तोंडावर तिची पोरं मोजू? आपण शेळ्यासुद्धा मोजत नाही."

"फक्त एक आकडा, मावशी."

"मग जा सिंडूच्या दारात आणि तूच विचार. चूल विझवून हाकलेल तुला. नावं घेऊ दे ना. नावं शंभर घेईन."

मी हसले. कागदावर लिहिलं: 'वय जास्त. जुनी सवय. प्रशिक्षण हवं.' तो कागद अजून माझ्याकडे आहे.

पुढे तुझ्या वाडीची माहिती आली. एकतीस घरं, एकतीस मुलं. एकही चौकट रिकामी नाही, सगळ्या ओळी हिरव्या. मी ते पाहिलं होतं. तुझ्या वाडीत घरोघरी पोरांचा गोतावळा असतो, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. तरी मी फक्त हिरवा रंग पाहिला.

त्या आकड्यावर लस आली. तू म्वेंदेला रांगेत शेवटी उभं केलंस, आपल्या घरचं पोर आधी नको म्हणून.

शुक्रवारी चौकशीत आरोग्य खात्याच्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय हो बाई, घरटी एक पोर? देवाने मापून दिली की काय?" लोक हसले. मावशी, मीही हसले. सवयीने, साहेब हसले म्हणून. तू माझ्याकडे पाहिलंस, मग जमिनीकडे. म्हणालीस, "माझ्या बोटाची चूक, साहेब."

तुझ्या बोटाची नव्हती. चाचणीनंतर चहा पिताना तू विचारलं होतंस, "रिकामं सोडलं तर?"

"फॉर्म पुढे जाणार नाही."

"मग?"

मी घड्याळ बघत होते. नैरोबीची बस सुटायची होती. म्हणाले, "मग टाक काहीतरी. एक टाक."

तू ऐकलंस. एकतीस वेळा ऐकलंस.

हे फक्त तुला आणि मला माहीत आहे. तुला कामावरून काढण्याचा निर्णय गुरुवारी होणार आहे. तू बोलणार नाहीस, हे मला शुक्रवारीच कळलं. म्हणून आज सकाळी चाचणीचा तो कागद आणि हे सगळं बोलणं लिहून मी साहेबांना आणि माझ्या ऑफिसला पाठवलं. त्याची प्रत सोबत आहे. गुरुवारी मी तिथे उभी राहीन आणि तोंडानेही सांगेन. मला थांबवू नकोस. फॉर्ममध्ये नावांची ओळ परत घालायला मला एक दुपार लागली. एवढंच काम होतं ते.

जेवणाआधी तू घरच्या पोरांची नावं घेऊन प्रार्थना करतेस. लहानपणापासून त्यात माझंही असायचं. आता ते घ्यायचं की गाळायचं, तू ठरव. मी विचारणार नाही.

न्झिलानी