बोटीत नसलेल्या सिस्टरसाठी प्रार्थना

१४ जानेवारी १९७३, रविवार
भिंतीपलीकडे चर्चमध्ये दादाने माझ्यासाठी प्रार्थना केली. "समुद्रावर असलेल्या आमच्या शांता सिस्टरला, प्रभू, वादळापासून राख." मंडळी मोठ्याने आमेन म्हणाली. मी अलीकडे, दादाच्या, म्हणजे पाळकाच्या, घराच्या मागच्या खोलीत, ज्वारी निवडत बसले होते. ज्वारी कसली, रेशनवरची परदेशी मिलो. हसावं की रडावं.

बोट मंगळवारीच गेली, मला मुंबईच्या धक्क्यावर ठेवून. तीन महिने आफ्रिकेतल्या दवाखान्यात तिथल्या नर्सांना शिकवायचं, एवढंच काम होतं. तिथे जायचा परवाना आला नाही.

१५ जाने., सोम.
सगळं बिघडलं ते आमच्या निरोपाच्या हौसेने. हातात परवाना नाही आणि उपासना ठेवून मोकळे. बाजारात तुरी! नगरला वडीलजनांनी डोक्यावर हात ठेवून पाठवलं, इथे गावात बायकांनी गोधडी शिवून दिली, दादाने भाषण केलं. एकदा हात ठेवून पाठवलं की माणूस गेला. परत आलेल्याची उपासना कशी करायची ते आमच्यात कुणाला ठाऊक नाही.

नगरच्या मिशन दवाखान्यातल्या माझ्या क्वार्टरमध्ये दुसरी सिस्टर राहायला आली, म्हणून दादाकडे आले. पण त्याने बोट सुटायच्या आधीच, गेल्या आठवड्यातल्या रविवारी, सांगून टाकलेलं की बहीण बोटीत बसली. म्हणतो, आठवड्यात परवाना येईल, इथूनच परस्पर मुंबईला जा, कुणाला कळायचं नाही. दादा खोटं बोलत नाही. फक्त खरं सांगायचं त्याचं राहून गेलंय.

१८ जाने., गुरु.
दिवसा गाव रिकामं. सगळे दुष्काळी कामावर, खडी फोडायला. तेवढ्यात अंगणात येते, पाय मोकळे करते. माणसं परतली की पुन्हा आत. खोकला आला की तोंडात पदर.

माझ्या वाटणीचं पाणीही वहिनीच आणते. टँकरपाशी बायका तिला विचारतात, दोन माणसांना एवढे हंडे कशाला. वहिनी म्हणाली, "पाळकीणबाईला अंघोळीचं वेड लागलंय असं म्हणतात हो वन्सं, तुमच्यापायी." हसत म्हणाली, पण दमली होती.

बेचाळीस वर्षांची बाई मी. वॉर्डात माझ्या चपलांचा आवाज आला की मुली सरळ उभ्या राहतात. आणि इथे मी उंदरासारखी.

सकाळी स्तोत्र वाचलं. मन लागलं नाही. देवावर विश्वास आहे, पण त्याच्या सवडीवर

(वहिनीने हाक मारली, राहिलं.)

२१ जाने., रवि.
आज राहेलमावशी प्रार्थनेला उठल्या. साठीच्या आहेत, सुनेबरोबर खडीवर जातात. भिंतीतून शब्द न् शब्द ऐकू आला. बोटीतलं जेवण शिस्टरला मानवू दे. तिला वकाऱ्या येऊ देऊ नको. परमुलखात तिला कुनी वंगाळ बोलू नये. स्वतःसाठी काही मागितलं नाही. रडले मी.

उपासना झाल्यावर दादाशी भांडले. हळू आवाजात भांडावं लागतं, त्याने भांडण लांबतं. तो म्हणाला, आता सांगितलं तर मंडळीचा विश्वास डळमळेल. मी म्हटलं, मंडळीचा की तुझा? जेवला नाही तो. मीपण नाही.

२४ जाने., बुध.
मुं.च्या मिशन ऑफिसचं कार्ड. परवाना अद्याप नाही, प्रभूवर भरवसा ठेवून धीर धरावा. लिहिणाऱ्याला माझी खोली दाखवली पाहिजे.

२७ जाने., शनि.


दुपारी राहेलमावशी नातीला घेऊन आल्या, दादाने प्रार्थना करावी म्हणून. वर्षाची पोर. कालपासून जुलाब. नगरला न्यायला संध्याकाळशिवाय एस.टी. नाही. मी दारामागे. पोरीचा आवाज ऐकू येईना, आणि मला धडकी भरली. रडणाऱ्या पोराची मी कधी काळजी करत नाही. दादा प्रार्थना करत होता, लांब, डोळे मिटून. मी कडी काढली.

डोळे खोल गेलेले. टाळू बसलेली. पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. वहिनीला म्हटलं, तांदूळ शिजत घाल, पातळ पेज, मीठ. पोरीला मांडीवर घेतलं आणि एक-एक चमचा पाजत बसले. ओकली, पुन्हा पाजलं. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा पोरीने माझं लुगडं ओलं केलं, म्हणजे अंगात पाणी टिकलं. त्या ओल्या लुगड्यासाठी देवाचे जेवढे मनापासून आभार मानले तेवढे निरोपाच्या दिवशीही मानले नव्हते. मग पोर रडायला लागली, चांगली भोकाड पसरून.

राहेलमावशींनी हाताने पोरीचं तोंड पुसलं. आणि म्हणाल्या, "शिस्टर, तुमी तर बोटीत हुत्या."

दादा खाली बघत राहिला.

"मंग आमी इतकं दिस परार्थना केली, ती कुनाला लागली?"

त्यांनी नातीला पदरात घेतलं आणि गेल्या.

२८ जाने., रवि.
दादाने उभं राहून सगळं सांगितलं. मान वर न करता. मी या वेळी भिंतीच्या त्या बाजूला, बायकांच्या सतरंजीवर. बाहेर पडताना एकानेही सलाम केला नाही. मला नाही, दादालाही नाही. पंधरा वर्षं या गावात पाळक आहे तो. घरी येऊन कोट काढून खुंटीला लावला आणि तसाच बसून राहिला. मला त्याची दया आली.

२ फेब्रु., शुक्र.
सलाम नाही, पण दिवेलागणीला अंगण भरतं. जुलाब, खरूज, खडीची चीप डोळ्यात गेलेली. सगळ्या जातीच्या बायका येतात. मंडळीच्याही येतात, रुसलेल्या तोंडानेच पोर पुढे करतात. राहेलमावशी येऊन पेजेच्या चुलीपाशी बसतात. नगरहून औषधं मागवलीत.

वहिनी म्हणाली, देवानेच बोट चुकवली वन्सं. आता सगळ्याच असं म्हणतात. मला राग येतो. मला जायचंय. अजून जायचंय. तिथेही कुणीतरी वाट पाहत असेल, आणि खरं सांगायचं तर मला समुद्र बघायचाय, नवी माणसं बघायचीत. सगळा जन्म नगर ते पाथर्डी. हे लिहायला लाज का वाटावी?

८ फेब्रु., गुरु.
तार आली. परवाना मिळाला. बोट पुढल्या महिन्यात.

अंगणात गर्दी असतानाच पोस्टमन आला आणि दादाने तार मोठ्याने वाचली. मग मागून एकीने विचारलं, "मंग आमचं?"

इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. इथे दोन्ही कोरडे. लपायच्या त्या खोलीला निदान आतून कडी होती.

दादाला विचारलं, काय करू. म्हणाला, मी आता कुणाला काही सांगत नाही.

११ फेब्रु., रवि.
मुं.ला उत्तर पाठवलेलं नाही.

उपासनेला राहेलमावशी शेजारी बसल्या, मांडीला मांडी लावून. आल्या तेव्हा सलाम केला. शेवटी दादा प्रार्थनेला उभा राहिला. आजारी, कामावरचे, पाऊस, सगळ्यांसाठी मागितलं. मग म्हणाला, "आणि प्रभू, आमची शांता सिस्टर, तिला..."

आणि थांबला.

मी डोळे किलकिले करून पाहिलं. त्याचे ओठ हलत होते, पण शब्द येत नव्हता. सगळी मंडळी माना खाली घालून वाट पाहत होती. मीही पाहत होते, तो काय मागतो ते, मी जावं की राहावं. कुणीतरी खोकलं. दादा तसाच उभा.

शेवटी मीच आमेन म्हणाले.