चोरून आणलेली फांदी

मांडवी, रत्नागिरी
शुक्रवार, दुपार

प्रिय मृणू,

मंगळवारी फोनवर तू मला एक गोष्ट विचारलीस आणि एक बोलून गेलीस. विचारलीस ती सोपी. वाकडच्या नव्या भाड्याच्या जागेत कुठली झाडं ठेवू, जी सहज मरणार नाहीत आणि जागा सोडताना उचलून नेता येतील. बोलून गेलीस ती अशी, की आईला दवाखान्यात न्यावं लागलं त्या दुपारी पावणेतीनला तिचा फोन आला, तू मीटिंगमध्ये होतीस म्हणून कट केलास, आणि आईनं मोबाइल टीपॉयवर नीट ठेवून भिंतीकडे तोंड फिरवलं. रागावून. दोन वर्षं तू हेच डोळ्यांपुढे धरून बसली आहेस, हे मला मंगळवारी कळलं. मी काहीतरी पुटपुटले, कुकरची शिट्टी झाली म्हणाले आणि फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. मोबाइल टीपॉयवर कसा गेला ते मला माहीत आहे, मृणू, आणि ते मी याच पत्रात सांगणार आहे. पण मला जरा झाडांवरून वळसा घालून तिकडे जाऊ दे. फोनवर तू मध्येच 'असू दे गं मावशी' म्हणाली असतीस आणि मी पुन्हा सुटले असते.

तर झाडं. सव्वीस वर्षांच्या संसारात माझी ही अकरावी भाड्याची जागा, त्यामुळे यातलं मला कळतं हे तुझी आईसुद्धा मान्य करायची, आणि राजश्री सहसा कुणाचं काही मान्य करायची नाही. नर्सरीवाल्याच्या गोड बोलण्याला भुलू नकोस. तो तुला अनंत देईल, जास्वंद देईल, कलमी लिंबू देईल. ती सगळी घर बांधून राहणाऱ्यांची झाडं. आपल्याला हवीत बिऱ्हाडी झाडं. एक स्नेक प्लांट घे. पंधरा दिवस पाणी घालायला विसरलीस तरी त्याची तक्रार नसते, उलट रोज लाड केलेस तर बुडातून सडतो. झोपायच्या खोलीत उजेड कमी आहे म्हणालीस, तिथे झीझी प्लांट ठेव. खिडकीच्या कट्ट्यावर दोन तास ऊन येत असेल तर कोरफड आणि पानओवा. पानओव्याची भजी होतात आणि खोकल्यालाही चालतो. तुळस ठेवायचीच असेल तर आधी बाल्कनीची दिशा बघ, उत्तरेच्या सावलीत तिचे हाल करू नकोस.

मातीच्या कुंड्या तर मुळीच घेऊ नकोस. दिसायला छान, पण दुसऱ्या मजल्यावरून उतरवताना कंबर जाते. रंगाची रिकामी बादली घे, कडीवाली, बुडाला तापलेल्या सुरीनं चार भोकं पाड. इथून जाताना आपली जांभ्याची लाल माती प्रेमानं पोतं भरून नेशील, मला माहीत आहे. नेऊ नकोस, कुंडीत ती विटेसारखी बसते. निम्मं कोकोपीट घाल, वजनही कमी होतं. खाली ताटली हवीच, नाहीतर खालच्या बाईच्या वाळत घातलेल्या साड्यांवर मातीचं पाणी पडतं आणि मग घरमालकाला आपलं सगळंच खुपायला लागतं. जागा बदलताना आदल्या दिवशी पाणी घालायचं नाही, आणि झाडं टेंपोत मागे टाकायची नाहीत. पुढे आपल्या पायांशी घेऊन बसायची. आणि किती झाडं ठेवायची तर तुझ्या दोन हातांनी दोन खेपांत जिना उतरतील तेवढीच. मी हा नियम दहा घरं पाळला.

यात मनीप्लांट नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. भाड्याच्या घरात राहणारा पहिल्यांदा तोच लावतो, आणि बरोबरच आहे. त्याला माती लागत नाही, ऊन लागत नाही, बरणीभर पाणी दिलं तरी तो जगतो. तू म्हणालीस, आईचा तो मोठ्या पानांचा मनीप्लांटसुद्धा गेला, तिच्या हातचं एक पान उरलं नाही. एक उरलंय, मृणू. माझ्याकडे आहे. ही वेल आता माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून बाहेरच्या दारापर्यंत गेली आहे.

तुला साळवी स्टॉपचं ते घर आठवत असेल. आमची दारं समोरासमोर, आणि नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून एकमेकींच्या किल्ल्या एकमेकींकडे. तू पुण्याला गेलीस, तुझी आई एकटी, आमचे हे, म्हणजे तुझे गुणाजीकाका, लाँचवर ड्रायव्हर, दहा दिवस समुद्रात आणि चार दिवस घरी, त्यामुळे आम्ही दोघी एकमेकींवरच असायचो. राजश्रीच्या स्वयंपाकघरातल्या त्या मनीप्लांटवर माझा डोळा होता. तीन वेळा तिनं स्वतःच्या हातानं मला फांदी कापून दिली आणि तिन्ही वेळा माझ्याकडे ती कुजली. चौथ्यांदा मागितली तर हसायला लागली. म्हणाली, "मागून नेलीस तर कुजायचीच गो. मनीप्लांट चोरून न्यायचा असतो. माझा डोळा चुकवून ने. आणि मला कळलं ना, तरी मी कळलं नाय असंच दाखवीन." नंतर महिनाभर हा आमचा खेळच झाला. मी तिच्याकडे चहाला गेले की ती माझ्या हातांकडे बघायची, आणि मी मुद्दाम पदराखाली हात लपवायची. पन्नाशीच्या दोन बायका, आणि काय हे खूळ, असं काका म्हणायचे.

ती वेल कशी आहे ते आधी सांगते. साळवी स्टॉप सोडून आम्ही खेडशीला गेलो, तिथे मी तिला न्हाणीत ठेवली, अंधारात. दीड महिना पाणी घातलं नाही. हो, मुद्दाम. ती मरावी म्हणून. दीड महिन्यानं बघितलं तर बरणीतलं पाणी आटलेलं, आणि टोकाला नवं पान, गुंडाळलेलं, हिरवंगार. कापून खिडकीबाहेर टाकली तर मालकाच्या पन्हळीत रुजली आणि त्यांनीच आणून परत दिली, वहिनी तुमची वेल म्हणून. लोक झाड घेताना हेच तर विचारतात, न मरणारं कुठलं. मला ते मिळालंय. सकाळी तिच्या पानांच्या टोकांना पाण्याचे थेंब येतात आणि खालच्या ताटलीत एकेक पडत राहतात. पाणी जास्त झालं की मनीप्लांटचं असं होतं, त्यात काही नाही, हे मीच आजवर दहा जणींना समजावलंय. तरी तो आवाज आला की मी उठून बसते.

आणि आवाज थेंबांचाच येतो असं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला मांडवीचा वारा सुटतो, पंख्याखाली पान भिंतीला घासतं, आणि मला दुसरंच ऐकू येतं. दोन वर्षं मी दुपारची आडवी झालेली नाही. घरात मी आता वाजणाऱ्या सपाता घालते. कुठल्याही खोलीत शिरताना हाक मारते, आत कुणी नसलं तरी. दहा दिवसांनी समुद्रावरून आलेला माणूस गाढ झोपलेला असतो, त्याला मी तीन-तीनदा हलवून उठवते. परवा काका वैतागून म्हणाले, "मेलो नाय गो अजून! झोपू दे जरा." मी हसले, आणि मग न्हाणीत जाऊन रडले. त्यांनाही मी काही सांगितलेलं नाही. हे पहिल्यांदा तुलाच सांगते आहे.

त्या दुपारी तुझ्या आईकडे कुणी आलं नव्हतं असं सगळे म्हणतात. मी आले होते. तीन वाजत आले असतील. तिची झोपायची वेळ मला माहीत होती, म्हणून मुद्दाम तीच धरली. गाउनच्या खिशात कात्री, पायात काही नाही, किल्ली कुलपात फिरवतानासुद्धा आवाज होऊ दिला नाही. स्वयंपाकघरात जायला तिच्या पलंगाशेजारूनच वाट. राजश्री भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडली होती, एक हात मागे पलंगाखाली लोंबत होता. मोबाइल खाली फरशीवर पडलेला. मला वाटलं झोपेत निसटला असेल, येता-जाता कुणाचा पाय पडेल. मी तो उचलला, गाउनला पुसला आणि टीपॉयवर ठेवला. नीट. तिच्या हातापासून लांब. तेवढ्यात तिनं आवाज केला, 'अं'. घशातून. मी जागच्या जागी थिजले. पुन्हा केला, जरा मोठा, 'अं… अं'. आणि मृणू, मला वाटलं ही जागी आहे. मला पकडलंय, आणि कबूल केल्याप्रमाणे झोपेचं सोंग करते आहे, माझी चोरी खरी व्हावी म्हणून. मला इतकं हसू आलं की मी पदर नसताना तोंडावर हात दाबला. फांदी कापली. परत येताना तिच्या पाठीकडे बघून मान डोलावली, जिंकलीस बाई अशी. दार ओढून घेतलं, कडीचा आवाज न करता. घरी येऊन फांदी बरणीत घातली आणि संध्याकाळी चहाला येईल तेव्हा कसं हसू लपवेल, याचा विचार करत बसले.

एकदा नुसती हाक मारली असती. राजश्री, एवढंच. पण चोरी करायची तर हाक कशी मारायची?

सात वाजता तिच्या खिडकीत दिवा दिसला नाही तेव्हा मी बेल वाजवली, मग किल्लीनं उघडलं, आणि पुढचं तुला माहीत आहे. तू आलीस तेव्हा डॉक्टर दवाखान्याच्या बाहेरच्या बाकापाशी तुला सांगत होते की झटका दुपारीच आलेला आहे, तीन-चारच्या दरम्यान कुणी बघितलं असतं तर काही करता आलं असतं. मी तुझा हात धरून उभी होते. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, मावशी, तू होतीस म्हणून संध्याकाळी तरी कळलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हा नाही, मग ती गेली त्या तिसऱ्या दिवशी नाही, मग तेराव्याला नाही. तुझ्या आईची बाकीची झाडं माझ्यामुळे वाळली, तीही कबुली देते. तू किल्ली माझ्याकडे ठेवून गेली होतीस पाणी घालायला, आणि मला त्या खोलीत पाऊल टाकवलं नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. मन मोकळं करायला नाही. मी अशीच राहिले असते, वेलीबरोबर घरं बदलत, आणि तुझी लाडकी मावशीही राहिले असते, त्याचा मोह मला अजून आहे. पण मंगळवारी कळलं की मी गप्प बसले आणि माझ्या वाट्याचं तू सोसते आहेस. तेव्हा नीट ऐक. तुझ्या आईनं फोन ठेवला नव्हता, तो तिच्या हातातून पडला होता. ती तुझ्यावर रागावली नव्हती. ती मदत मागत असेल, हो, ते मी खोटं कसं सांगू. पण तू सहा तासांवर होतीस आणि मी तिच्या पलंगाशी उभी होते. तू सव्वातीनला उलट फोन केलास तो टीपॉयवर वाजत राहिला, कारण मी तो तिथे ठेवला होता. यातलं काहीही तुझ्याकडे नाही, सगळं माझ्याकडे आहे. वेलीची एक फांदी कडीवाल्या लहान बादलीत लावून ठेवली आहे, तुझ्या हातात मावेल अशी. हवी असेल तर येऊन उघड मागून घेऊन जा. कुजली तर कुजू दे, पण ती दिलेली असेल. माझं तोंड बघायचं नसेल तर काकांबरोबर पाठवीन, आणि तेही नको असेल तर मला समजेल. आलीस तर एक कर, मृणू. दार उघडंच असेल, तरी उंबऱ्याशी उभी राहा आणि मला मोठ्यानं हाक मार. मी झोपलेली दिसले तरी मार, आणि मी ओ देईपर्यंत मारत राहा.

तुझीच, आणि हा शब्द खोडायचा अधिकार तुला आहे,
संध्यामावशी