फुगलेलं दार

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. फोनच केला असता, पण फोन हल्ली तुझ्या बाबांच्या खिशात असतो आणि तुझं नाव दिसलं की ते अंगणाच्या पार टोकाला जाऊन बोलतात. तुमची ही कुजबूज मला कळत नाही असं समजू नका. म्हणून हे तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतेय, आणि पोस्टात टाकायलाही मीच जाणार आहे.

इथली हवा तुला ठाऊकच आहे. ढग डोंगरापलीकडेच रिकामे होतात, आमच्या वाट्याला नुसतं निळं आभाळ. धुतलेला टॉवेल चहा होईस्तोवर वाळतो, ओठ फुटतात, दारं आकसून फटी पडतात आणि दुपारचा वारा त्या फटींतून घरभर धूळ आणून टाकतो. मी रोज या हवेला शिव्या घालते, पण बाबांची छाती मोकळी केली ती हिनेच. ही दमट हवा सोडा, नाहीतर पुढच्या पावसाळ्याची खात्री देत नाही, असं तिकडच्या डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. म्हणून तर बंदरावर जन्मभर क्रेन चालवलेला माणूस या कोरड्या दरीत येऊन राहिला.

तर अशा या घरात कोठीच्या खोलीचं दार फुगून बसलं. ढकलता ढकलेना. सुताराला बोलावलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, इथं दारं आकसतात बाई, फुगायला आत काय तळं केलंय का? बाबांनी पेपरात डोकं खुपसलं. मग त्याच खोलीतल्या डब्यातली बिस्किटं मऊ निघाली, मिठाला ओल आलेली. माझ्या मनात पाल चुकचुकली.

त्यातच त्यांना माझ्या करमणुकीची काळजी वाटू लागली. रोज दुपारी, जा की त्या शिवणवाल्या शेजारणीकडे, जरा गप्पा मारून ये. उभ्या जन्मात ज्यांना माझं शेजारीपाजारी बसणं खपलं नाही, ते असं गोड बोलायला लागले की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. आधी वाटलं सिगारेट. शर्ट हुंगले, खिसे उलटे केले. मग शेजारणीवरच संशय घेतला, आणि लक्षात आलं की त्या वेळी ती बिचारी माझ्याचसमोर बसलेली असते. हस, हस.

मंगळवारी तिच्या दाराला कुलूप होतं, म्हणून मी आल्या पावली परतले. कोठीचं दार खांदा लावून उघडलं. आत शेगडीवर पातेलंभर पाणी उकळत होतं, दोरीवर ओल्या चादरी, भिंतींवरून थेंब ओघळत होते, आणि त्या वाफेत बाबा बनियनवर स्टुलावर बसलेले. ओठ निळे पडलेले. मला बघून चक्क हसले. धापा टाकत म्हणाले, कालच्यापेक्षा आज जास्त वेळ टिकलो. तुझ्या बाळंतपणाला येता यावं म्हणून तिकडच्या दमट हवेची रोज थोडी थोडी सवय करत होते! खिडकीशी आणून बसवलं, तरी संध्याकाळपर्यंत छातीतली शिट्टी थांबेना.

तू बोलावलं नाहीस, असं ते शपथेवर सांगतात. माझा विश्वास नाही. खोटं बोलताना ते कान खाजवतात, आणि परवा कान लालबुंद झाला होता. बाळाला पहिलं तुम्हीच घ्यायचं, असं तू लाडाने म्हणाली असशील. तुझं तरी काय चुकलं म्हणा, तुला त्यांनी सगळी खुशालीच कळवली असणार.

आता मुद्द्याचं. त्यांची बॅग भरून तयार आहे, मी पलंगाखाली पाहिली. माझं ते ऐकत नाहीत, डॉक्टरांचं तर नाहीच. तुझं ऐकतील. त्यांना फोन करून सांग, येऊ नका. तब्येतीचं कारण देऊ नकोस, ते हसण्यावारी नेतील. घरात जागा नाही, सासरची माणसं आहेत, तुमची अडचण होईल, असं काहीतरी मनाला लागेल असं बोल. ते जेवणार नाहीत, तुझं नावही काढणार नाहीत. त्यांना सोडून मलाही निघता येणार नाही, म्हणजे त्या वेळी तुझ्याजवळ मीसुद्धा नसेन. हे लिहिताना मला रडू येतंय. पण बाळ जरा मोठं झालं की त्याला इकडे घेऊन ये. तोवर बाबा रुसलेले का होईना, असतील.

तुझीच,
आई