पेन्सिलीचे वळ

पिंप्राळा, जळगाव
२७ ऑक्टोबर १९९३

प्रिय उत्पलाअक्का हिस,
विशाखाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

अक्का लिहिलं म्हणून फुगू नकोस. चार महिन्यांनी मोठी आहेस, म्हणून लिहावं लागतं.

आईने अखेर होकार दिला. पण अट घालून. बंगळूरला मला एकटीला पाठवणार नाही म्हणाली, द्रौपदामावशीची उत्पला सोबत असेल तरच. मी छातीठोकपणे सांगून टाकलं, की उत्पला तर माझ्याआधीपासून ठरवून बसली आहे. तेव्हा तू मागे फिरलीस तर माझंही गेलं, हे ध्यानात असू दे.

आता खरी अडचण ऐक. बारावीनंतरच्या त्या पाच वर्षांच्या कायद्याच्या कोर्सला प्रवेश फक्त परीक्षेवर मिळतो, आणि परीक्षेला वाचायचं काय ते इथे कुणालाच ठाऊक नाही. बाबांनी कोर्टातल्या एका वकिलांना विचारलं. त्यांनी दंडसंहितेचं जाडजूड पुस्तक दिलं. आठ दिवस मी भांडी घासताना कलमं पाठ करते आहे, आईला वाटलं पोरीला झपाटलं. फुले मार्केटातला दुकानदार एक गाईड दाखवतो. बँक, रेल्वे, हॉटेल आणि कायदा, सगळ्या परीक्षांना तेच एक. तिसरी आहे दिल्लीच्या पोस्टल कोर्सची जाहिरात. दर पंधरा दिवसांनी एक पाठ येतो, त्यात सरावाचे प्रश्न असतात. तूच सांग, कशावर हात ठेवायचा? कॉलेजच्या ग्रंथालयात तुझं वजन आहे, तिथे विचार.

आबांना व मावशीला सा. जयभीम. लोभ आहेच, उत्तर लवकर आलं तर तो टिकेल.

तुझी,
विशाखा


धुळे
६ नोव्हेंबर १९९३

चि. विशाखास,
मोठ्या बहिणीचे अनेक आशीर्वाद (घे आता).

दंडसंहिता आजच्या आज परत कर. आमच्या ग्रंथपाल बाईंच्या भाच्याने ही परीक्षा दिली होती. त्यात एकही कलम विचारत नाहीत. इंग्रजी उतारे, सामान्यज्ञान, तर्काचे प्रश्न, आणि एक गमतीचा भाग. वर एक नियम दिलेला असतो, खाली एक हकिकत. नियम लावून निकाल द्यायचा, पदरचा कायदा आणायचा नाही. तू इतकी कलमं पाठ केलीस की पदरचंच घालशील आणि आपटशील.

गाईडचं म्हणशील तर एक ना धड, भाराभर चिंध्या. उत्तरं प्रश्नांच्या खालीच छापली आहेत, डोळा जातोच. मी आपल्या दोघींतर्फे दिल्लीचा कोर्स ठरवला. आपण मराठी शाळेतल्या, आपल्याला खरी धास्ती इंग्रजी उताऱ्यांची, आणि त्यात तेच भरपूर आहेत. फी दोघींत अर्धी, नाव माझं, पाठ धुळ्याला येणार. आधी मी सोडवीन, मग खोडून तुला पाठवीन. फक्त पेन्सिल वापरायची. उत्तरपत्रिका वेगळी येते, ती मी लपवून ठेवीन, तुझा भरवसा नाही.

हे सगळं आबांना वाचून दाखवलं. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत इतकी वर्षं फायली ओढल्यावर त्यांना इंग्रजीची खोड आहे. उतारे माझ्याबरोबर तेही वाचणार म्हणाले. मला म्हणाले, की ज्या दिवशी तू काळा कोट घालशील त्या दिवशी मी रजेचा अर्ज न देता घरी बसेन.

लिलामावशीला सा. जयभीम. लोभ पाठांसारखा अर्धा करू नये, ही विनंती.

तुझी,
उत्पला


पिंप्राळा
२१ डिसेंबर १९९३

प्रिय उत्पलाअक्का,
सप्रेम जयभीम. वि. वि.

चौथा पाठ मिळाला. आमच्या गल्लीतले, धुळ्याच्या एस.टी.वरचे सुपडूभाऊ कंडक्टर आता पाठाचं पाकीट तिकिटांच्या पेटीतच ठेवतात. पारोळ्याला चहाला उतरले तरी पेटी बगलेत असते म्हणे.

एक तक्रार आहे. तू खोडतेस, पण तुझा हात किती जड! पेन्सिल अशी दाबतेस की रबराने काळं जातं आणि वळ मागे राहतो. पान खिडकीकडे तिरपं धरलं की तुझं उत्तर दिसतं. मी बघत नाही, शप्पथ. सोडवून झाल्यावर मात्र बोट फिरवते. बोटाला कळतं, इथे अक्का अडली होती, इथे एकदा खोडून परत लिहिलं. शेजारी बसून अभ्यास केल्यासारखं वाटतं गं. तेव्हा हात हलका करू नकोस.

गाय शेजाऱ्याच्या केळीत शिरते त्या प्रश्नात मी नियम सोडून गायीची बाजू घेतली, चुकलं. सावद्याला केळीची राखण करणाऱ्या आजोबांना विचारलं असतं तर त्यांनीही गायीलाच दोषी धरलं असतं.

लोभ आहेच.

तुझी,
विशाखा


धुळे
३० जानेवारी १९९४

चि. विशाखास,
अ. आ.

तुम्ही सगळे येऊन गेलात, मावशी चार दिवस राहिली, त्याने आईला फार आधार झाला. अर्धांगाच्या झटक्यानंतर आबांना परवा दवाखान्यातून घरी आणलं. जीभ आता बरीच सुटली आहे, बोललेलं कळतं. पाय ओढत का होईना, चालतात. उजवा हात मात्र तसाच आहे. डॉक्टर म्हणतात, धीर धरा. आबा तो हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवतात आणि त्याच्याकडे बघत बसतात. मला ते बघवत नाही, म्हणून मी स्वयंपाकघरात जाते.

कचेरीतले मोठे बाबू भेटून गेले. रजा एप्रिलअखेरपर्यंत पुरेल म्हणाले.

तू अभ्यासाची काळजी करू नकोस. सहावा पाठ पाठवते आहे, सातवा आला की लगेच पाठवीन. ठरलं ते ठरलं. मावशीला आपलं जाणं पक्कं आहे असंच सांग.

लोभ असू दे, आता त्याची गरज आहे.

तुझी,
उत्पला


धुळे
२ मार्च १९९४

चि. विशाखास,
अ. आ.

आठवा आणि नववा एकदमच पाठवते. नववा फार अवघड गेला. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीवरचे प्रश्न नीट वाच, मी दोनदा चुकले. उताऱ्यांना वेळ लावून बस. माझा फॉर्म गेला, मुंबईचं केंद्र मागितलं आहे, तूही तेच माग म्हणजे एकाच गाडीने जाऊ.

आबा बरे आहेत. बोर्डाची परीक्षा आली, जास्त लिहीत नाही.

लोभ आहेच.

तुझी,
उत्पला


पिंप्राळा
२४ मार्च १९९४

उत्पला,
जयभीम.

बोर्डाचा शेवटचा पेपर संपेपर्यंत मी गप्प बसले. आता बसणार नाही.

आठव्या पाठात पहिल्या दोन पानांवर वळ आहेत, पुढे काही नाही. नवव्यात काहीच नाही. पान तिरपं धरलं, दिवा लावून पाहिलं, सगळ्या पानांवर बोट फिरवलं. कागद दिल्लीहून आला तसा गुळगुळीत आहे. तू दोनदा चुकलीस म्हणतेस, कुठे चुकलीस ते दाखव. दहावा काल मिळाला, तोही कोरा. फक्त कोपऱ्यावर एक काळा अंगठा उमटलाय. मला आधी तव्याची काजळी वाटली, पण ती रबराने निघते, ही शाई आहे.

तुला वेळ नसेल, मन लागत नसेल, तर मी समजू शकते. घरात काय चाललं आहे ते मी पाहिलं आहे. पण खोटं का लिहिलंस? आईला मी रोज सांगते की उत्पला माझ्यापुढे आहे. तिने परवा भाजी निवडता निवडता विचारलं, तुम्हा दोघींना तिथे एकच खोली मिळेल का गं? मी हो म्हणून टाकलं.

आपल्यात करार झाला होता. तू सोडवायचं, मग मी. करार तू मोडलास, आणि कोरं पान पाठवून मोडलास. मला फार राग आला आहे, आणि त्याहून जास्त भीती वाटते. खरं काय ते लिही.

विशाखा


धुळे
२९ मार्च १९९४

विशाखा,

बोटाने पकडलंस. वळाचं तू गमतीत लिहिलं होतंस, ते मी विसरून गेले.

तो अंगठा टाइपरायटरच्या रिबिनीचा. फेब्रुवारीपासून मी मराठी टायपिंगला जाते. बाबूंनी आईला सांगितलं होतं, आबा आजारपणामुळे निवृत्त झाले तर त्यांच्या जागी पोरीला घेता येईल, टायपिंग मात्र हवं. कागद तयार आहेत, आबांची सही तेवढी राहिली. रजा संपायच्या आत ती झाली पाहिजे. आबा तयार नव्हते. मी त्यांना सांगितलं, परीक्षा देते, पास झाले तर बंगळूर, नाही तर नोकरी. तेव्हा ते शांत झाले. त्यांना वाटतं मी जीव तोडून अभ्यास करते आहे.

मी परीक्षेला बसेन. नापास होईन. मग कुणी कुणाला दोष देणार नाही, आबाही स्वतःला देणार नाहीत. आणि तू पास झालीस की लिलामावशीचं मन विरघळेल, तुझा निकाल हातात घेऊन ती नाही म्हणू शकणार नाही. म्हणून लपवलं. आधी कळलं असतं तर तिने तुझं नाव काढून टाकलं असतं.

धाकटी दोघं शाळेत आहेत. आई अंगणवाडीत जाऊन काय आणणार? मी नीट विचार केला आहे, रडून ठरवलेलं नाही. रडले नंतर.

मावशीला सांगू नकोस. पुढचा पाठ नेहमीसारखा पाठवीन. तू माझ्या वाटचंही सोडव.

उत्पला


पिंप्राळा
२ एप्रिल १९९४

ती. आबांना,
विशाखाचा सा. जयभीम. वि. वि.

तुमच्या तब्येतीला जपावं अशा वेळी हे पत्र लिहिते, क्षमा असावी. मावशीला किंवा आईला लिहिलं असतं तर दोघी रडल्या असत्या आणि ठरलं काहीच नसतं. उत्पलाला कळलं तर ती माझं तोंड पाहणार नाही, तरीही लिहिते.

उत्पला अभ्यास करत नाही. आठव्या पाठाच्या दोन पानांनंतर तिने पेन्सिल उचललेली नाही. ती नापास होण्यासाठी परीक्षेला बसणार आहे, म्हणजे तुम्हाला वाटेल की परीक्षेनेच तिला नाकारलं. तिचं चुकतंय असं मी म्हणत नाही. घर कसं चालवायचं ते मला कळत नाही, त्यावर बोलायचा मला हक्कही नाही. पण निर्णय तुमच्या सहीने व्हायचा आहे, तर तो तुम्हाला सगळं ठाऊक असताना व्हावा, एवढंच वाटलं.

तुमच्या मायेला पात्र राहावं ही इच्छा.

आपली,
विशाखा


धुळे
११ एप्रिल १९९४

चि. विशाखास,
पितांबरचे अनेक आशीर्वाद.

अक्षर डाव्या हाताचे आहे. तीन दिवस लागले. लावून वाच.

माले बठ्ठं समजनं, सगळे कळले. तू चांगलं कयं. घाबरू नको, तिला मी रागावलो नाही. शेजारी बसवून घेतले आणि तुझे पत्र तिच्या हातात दिले. ती खूप रडली, मग मीही.

सहीचा कागद फाडला. डाव्या हाताला लिहिण्यापेक्षा फाडणे सोपे जाते. दोन मे रोजी कामावर हजर होतो. डॉक्टरांनी बसून काम करण्याची परवानगी दिली आहे. साहेबांनी आवक-जावकचे टेबल देऊ केले. शिक्का मारायचा आणि आकडा टाकायचा, तेवढे होईल. नाही झाले तर पुढचे पुढे पाहू.

उत्पला म्हणे, पुन्हा झटका आला तर काय कराल. मी म्हटले, नोकरी कुठे पळून जात नाही. मी कामावर असताना गेलो तर तेव्हाही ती तुमच्यापैकी कुणाला मिळेल, सरकारचा नियमच आहे. माझ्या मरणावर मिळणारी वस्तू माझ्या जिवंतपणी माझ्या आंडेरने, पोटच्या पोरीने, का घ्यावी? मी आजून जित्ता शे.

लिलाबाईंना सांग, दोघी जातील. खोली एकच मागा.

तुझा,
आबा


धुळे
२२ एप्रिल १९९४

चि. विशाखास,
अ. आ.

दहा दिवस तुला लिहिलं नाही ते रागाने. माझ्या डोक्यावरून तू आबांपर्यंत गेलीस, हे मी इतक्यात विसरणार नाही. बंगळूरला एक खोली मिळाली तर रोज बोलून दाखवीन, तयारी ठेव.

आबांचा हट्ट मला पटलेला नाही. भीती वाटते. दुपारी ते जुन्या वर्तमानपत्रावर शिक्का मारायचा सराव करतात, कचेरीतून आणलेली शाईची गादी घेऊन. कधी नीट उमटतो, कधी नुसता कडेचा गोल. त्यांनी तो माझ्यासमोर बसूनच करायचा आणि मी त्यांच्यासमोर बसून पाठ सोडवायचा, असं त्यांनी ठरवून टाकलं आहे. उठू देत नाहीत. आई चहा आणून ठेवते आणि दोघांकडे बघून जाते. टायपिंग बंद केलं. मागचे तिन्ही पाठ वहीत सोडवले, खूप चुकले. वेळ थोडा राहिला आहे, नंबर लागेल असं मी आज म्हणू शकत नाही. पण चुकीन ती खरी चुकीन.

अकरावा पाठ सोबत आहे. या वेळी काही खोडलेलं नाही, तू कोऱ्या कागदावर सोडव आणि मग ताडून पाहा. उत्तरपत्रिका आबांच्या ताब्यात आहे. त्यांनी डाव्या हाताने सगळा पाठ तपासला, संध्याकाळ गेली त्यात. बरोबरच्या खुणा उलट्या बाजूला वळल्या आहेत, काही तर फुलीसारख्या दिसतात. त्या फुल्या समजू नकोस.

लोभ ठेव, मे महिन्यात मुंबईच्या गाडीत शेजारची जागाही ठेव.

तुझी,
उत्पलाअक्का