फाळका उघडून घेतलेलं माप

इंटरनॅशनल सिटी, दुबई
९ डिसेंबर

तीर्थस्वरूप फेलिक्स मामा यांस ॲरॉनचा कोपरापासून नमस्कार.

देवाच्या दयेने इथे आम्ही सगळे ठीक आहोत (पिकअपबद्दल खाली लिहिलं आहे). तुमचा गुडघा, आजीचा खोकला आणि जमिनीची मोजणी, तिन्ही मार्गी लागलं असेल अशी आशा करतो. मोजणीवाला शेवटी आला का? आला असेल तर त्याला चहा दुसऱ्यांदा विचारू नका, मम्मी म्हणते तो मग बसूनच राहतो. वसईत थंडी पडली असेल. इथेही पडली आहे, म्हणजे दुपारी माणूस उन्हात उभा राहू शकतो.

पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर तुमचं व्हॉट्सॲप अल ऐनच्या घरातल्या टॅबवरही उघडतं, आणि तुम्हाला आलेला प्रत्येक मेसेज टेसा मामीला मोठ्याने ऐकवते. तुमच्या तेरा वर्षांच्या मुलीला मराठी वाचता येत नाही हे खरं, पण मेसेज ऐकवणारं बटण तिला सापडलं आहे. म्हणून हे पत्र माझा रूममेट नीरव याच्या हाती पाठवतो आहे. सोबत खजुराचा डबा आहे. डबा हलका लागला तर नीरवला विचारा, मला विचारू नका.

आता कामाचं. बारा जानेवारीला तुमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. मामीची एकच हौस, की हॉस्पिटलचा फोन वाजणार नाही अशा ठिकाणी, डोंगराच्या पायथ्याशी चार रात्री झोपायचं. त्यासाठी देश सोडून चाललेल्या त्या जर्मन माणसाकडून तुम्ही जुनी कॅरॅव्हॅन घेतलीत आणि शारजात हनीफभाईच्या यार्डात लावलीत. यार्ड महिनाअखेर रिकामं करायचं आहे. माझ्याकडे काम एवढंच, की तुमच्या पिकअपला साजेशी हिच, म्हणजे गाडीला गाडी जोडायची कडी, निवडायची, बसवून घ्यायची आणि कॅरॅव्हॅन ओढून तुमच्या मित्राच्या अल ऐनच्या शेतावर पोचवायची. अटी दोन. पिकअपला ओरखडा नको आणि मामीला पत्ता लागता कामा नये. विमानतळावर तुम्ही दोन्ही अटी बोटांवर मोजल्या होत्या, ते मला आठवतं आहे. मुद्दाम लिहितो, कारण नंतर तुम्ही म्हणाल की ह्याचं लक्षच नव्हतं.

पहिल्या दिवशी मी हिच घ्यायला निघालो आणि ड्रॅगन मार्टला गेलो (तिथे हिच मिळत नाही, पण नीरवला गळ आणि मासेमारीची काठी हवी होती). दुसऱ्या दिवशी निघालो तो शारजाच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास बसलो, समोरच्या टेम्पोत उंट होता, त्याने माझ्याकडे इतकं टक लावून पाहिलं की मी पुढच्या सिग्नलला वळून परत आलो. तिसऱ्या दिवशी मात्र थेट दुकानात. तिथला सेल्समन अफनान, भला माणूस, पण समजावून सांगायची फार आवड. मी म्हटलं, भाई, फिफ्थ व्हील हिच चाहिए. त्याने चाक काही दाखवलंच नाही. घोड्याच्या खोगिरासारखी एक काळी लोखंडी वस्तू दाखवली आणि म्हणाला, हीच ती. ही मागे बंपरला लावत नाहीत, पिकअपच्या हौद्यात मधोमध, मागच्या ॲक्सलवर बोल्टने बसवतात. कॅरॅव्हॅनचं नाक हौद्यावर येतं, त्याची खुंटी ह्या खोगिराच्या जबड्यात अडकते, की झालं. मी म्हटलं खलास, दे एक. तो म्हणाला, हबीबी, एक म्हणजे कुठली?

मामा, तुम्ही कागदावर लिहून दिलं होतं, 'मजबूत घे.' त्यात जगातल्या सगळ्याच हिच आल्या. अफनान म्हणाला, एक स्थिर असते, बसवली तिथे बसते. दुसरी सरकणारी, वळताना मागे सरकते, म्हणजे कॅरॅव्हॅनचं नाक ड्रायव्हरच्या केबिनवर आपटत नाही. हौदा आठ फुटी असेल तर स्थिर चालते. आखूड असेल तर सरकणारीच घ्या. सरकणारी जड आणि महाग, स्थिर अडीच हजार दिरहम, म्हणजे आपले साठ हजार रुपये (हे मी तिथेच मोठ्याने म्हटलं, तर शेजारचे एक पुणेरी गृहस्थ वस्तू ठेवून निघून गेले). माप काय, असं अफनानने विचारलं. मी बाहेर जाऊन टेप लावली. बरोब्बर आठ फूट. त्याने पुन्हा विचारलं, पक्का? मी म्हटलं, माझं रोजचं काम आहे हे. आणि आहेच. बारावी अर्धी सोडली असली तरी दोन वर्षं लोकांची घरं हलवतो आहे, हौद्याचं माप मला झोपेत विचारा.

हनीफभाईने हौद्याला भोकं पाडली, बोल्ट आवळले. कॅरॅव्हॅनची खुंटी जबड्यात बसली तेव्हा असा छान आवाज झाला की आम्ही तिघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. हनीफभाई म्हणाले, यल्ला, चल, आधी यार्डातच एक चक्कर मार. सरळ गेलो तोवर उत्तम. फाटकाशी डावीकडे वळलो, आणि कॅरॅव्हॅनचा पुढचा कोपरा मागची काच फोडून केबिनमध्ये डोकावला. कुणाला लागलं नाही. मी वळून पाहिलं, तर मागे सगळीकडे कॅरॅव्हॅनच दिसत होती, तुमच्या जपमाळ लावलेल्या आरशातही. केबिनच्या डाव्या खांबाला पोच आला आहे, भाकरीएवढा. (ओरखडा म्हणाल तर ओरखडा नाही.)

तुमच्या पिकअपची नवीन काच येईपर्यंत तिथे मी पुठ्ठा नीट कापून लावला आणि गाडी अल ऐनला तुमच्या पार्किंगमध्ये ठेवायला गेलो. वेळ अशी साधली होती की मामी ड्युटीवर असेल. मामीने ड्युटी बदलून घेतली होती. मी सांगितलं, हौद्यात लादलेलं कपाट सरकून काच फुटली. टेसाने पुठ्ठ्याकडे बघून म्हटलं, "ॲरॉन दादा, यू आर सो डेड." मामी हौद्यात चढली, बोल्टवरून बोट फिरवलं, खोगीर हलवून पाहिलं. पंचवीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये काढलेल्या बाईपासून टाके लपवायचे कसे? चहा उकळेपर्यंत मी जर्मन माणसापासून भाकरीएवढ्या पोचापर्यंत सगळं सांगून बसलो होतो. दुसरी अट अशी गेली.

मामीने एकच विचारलं. "माप घेतलंस तेव्हा हौद्याचा मागचा फाळका उघडा होता की बंद?"

उघडा होता, मामा. आमच्या धंद्यात उघडाच असतो. सोफा, पलंग, फ्रिज, सगळं फाळका खाली पाडून लादतो आम्ही आणि बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधतो. हौदा म्हणजे फाळक्याच्या टोकापर्यंत, हेच मला माहीत. मामीने फाळका लावला आणि मला पुन्हा मोजायला लावलं. सव्वासहा फूट. उरलेले पावणेदोन फूट फाळक्याचे. मी म्हटलं, शारजात एकच वळण नडलं. ती म्हणाली, तू ही कॅरॅव्हॅन अल ऐनला आणणार होतास, जिथे दूध आणायला जातानाही तीन राउंडअबाउट लागतात.

पुढचं तिने हातात घेतलं. अफनानला फोन लावून सात प्रश्न विचारले (कॅरॅव्हॅनचं भरलेलं वजन किती, खुंटीवर भार किती, असे, मला त्यातला एकही सुचला नव्हता). तो शेवटी तिला मॅडम, मॅडम करायला लागला. स्थिर परत करून सरकणारी घेतली. हनीफभाईने बसवली, गाडी पासिंगला नेली, काच बदलली, आणि परवा ते स्वतः चालवत कॅरॅव्हॅन शेतावर घेऊन गेले. मागून मामी तिच्या छोट्या गाडीत, चारही दिवे लुकलुकत. सगळी वळणं नीट पार पडली. मी हनीफभाईच्या शेजारी बसून होतो, मला काहीही हात लावायची मनाई होती.

शेतावर मामी एकटीच आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिने पायातल्या सपाता हातात घेतल्या होत्या, आतली फरशी तिने पुसली होती. मी विचारलं, मामाला काय सांगू?

"काही सांगू नकोस. पंचवीस वर्षांत त्याच्याच्याने एक गुपित राहिलं आहे, तेवढं राहू दे त्याचं."

मी हो म्हटलं. तर मामा, तुमचं काम झालेलं आहे. बारा तारखेला तुम्ही मामीचे डोळे झाकून तिला शेतावर न्या, ती चकित होईल. रोज रात्री आरशासमोर तिचा सराव चालू आहे. टेसाने कालच्याला दहापैकी चार दिले.

आजीला आणि सगळ्यांना नमस्कार. मोजणीवाल्याला फाटक उघडं की बंद ते आधी विचारून घ्या.

आपला आज्ञाधारक भाचा,
ॲरॉन

ता. क. पोच काढायला हनीफभाईकडे गाडी पुन्हा न्यावी लागेल. तोपर्यंत त्या बाजूने बघू नका.

ता. क. दुसरा. मामीला हो म्हणूनही हे सगळं लिहिलं, त्याचं कारण एकच. तुम्हाला कुणाचंही काम बघितलं की हात कमरेवर ठेवून 'कुठल्या गाढवाने निवडलं हे?' असं विचारायची सवय आहे, आणि हौद्यात मजबूतऐवजी सरकणारी वस्तू दिसली की तुम्ही मामीच्या देखत विचारणारच. विचारू नका, एवढीच विनंती आहे, त्यासाठीच पत्र लिहिलं. फक्त म्हणा, 'ॲरॉनने बरी निवडली.' मामीही मान डोलावेल, म्हणेल, 'हो ना, पोरगा सुधारला.' मी खाली बघेन.