दोन अणूंमधली फळी

ता. ३ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सध्या माझं सगळं लक्ष दोन अणूंकडे आहे. एकमेकांच्या प्रकाशात ते असे गुंततात, की एकाला तपासलं तर दुसऱ्याचंही कळतं. मध्ये धातूचा कण ठेवला की ही जोड तुटते. पण त्या कणावर आमचं अदृश्य करणारं आवरण चढवलं, की प्रकाश त्याला वळसा घालून जातो, जणू मध्ये काही नाहीच. काल जोड टिकली. अंधाऱ्या प्रयोगशाळेत मी नुसती बसून राहिले. पाण्याखाली असल्यासारखं शांत वाटत होतं.

आई फोनवर म्हणाली, काका महिनाअखेर दुकान बंद करून कायमचे मुलीकडे जाणार. बाबा, एकदा त्यांच्याशी बोला ना.

माया आहे तशीच राहू द्या.
तुमची शास्त्रज्ञ

ता. ९ ऑक्टोबर

चि. शास्त्रज्ञबाईंस,
अनेक आशीर्वाद.

अदृश्य कापडाचा पन्हा किती, आणि ते अंगावर बसलं की नाही हे गिऱ्हाइकाला कसं दाखवायचं, तेवढं कळव.

काकाचं नाव काढू नकोस. आम्ही दोघांनी मिळून शिवलेल्या त्या कोटाला शिवणीपुरतं जादा कापड त्याने आखतानाच धरलं असेल म्हणून मी कापताना सोडलं नाही. मी सोडीन म्हणून त्याने धरलं नव्हतं. कोट तोकडा झाला, खापर माझ्या माथी. दुकानात मधोमध फळी त्यानेच ठोकली. आता जाताना त्यानेच बोलावं.

आई तुझी आठवण काढते. मी काढत नाही, असं नाही.
बाबा

ता. १५ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

कापड अंगावर छान बसलंय, गिऱ्हाईकच दिसत नाही.

खरं सांगू? आमचं आवरण एकाच रंगाच्या प्रकाशाला चकवतं. अडथळा तिथेच असतो. शाळेत असताना मी फळीच्या अलीकडे अभ्यास करायचे. तुमचं मशीन थांबलं की काकांचंही थांबायचं. वाटायचं, फळीतून काहीतरी आरपार जातंय. पण एक अणूच उचलून नेला, तर माझ्याकडे त्यावर काही उपाय नाही, बाबा.

रागावू नका.
तुमचीच

ता. २८ ऑक्टोबर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल पलीकडचं मशीन दुपारपर्यंत सुरूच झालं नाही. मला काम सुचेना. शेवटी चपला घालून गेलो. तो कात्र्या कागदात गुंडाळत होता. चूक माझी, असं मी म्हणालो. तो म्हणाला, त्याची. त्यावरून पुन्हा अशी जुंपली, की शेजारचा घड्याळवाला डोकावून गेला.

जायचं ते तो जाणारच आहे. पण जाताना अंगात माझ्या हातचा सदरा हवा म्हणाला. माप घेतलं. छाती बरीच आटली आहे गं त्याची. माप मात्र जुनंच लिहिलं.

वेळेवर जेवत जा, आशीर्वाद आहेतच.
बाबा