तुमचं झालंच समजा

५ जानेवारी
संकल्प: घराची बांधकाम परवानगी महिन्याच्या आत. एजंट नाही, निव्वळ ओळखीवर. नगरपालिकेतले इंजिनिअर साहेब आपल्याला ओळखतात. परवा रस्त्यात नमस्कार केला तर मान हलवली. फोनवर बोलत होते, पण हलवली. सध्या आम्ही मेहुण्याकडे, भाऊसोंकडे राहतो. मेमध्ये त्यांच्या मुलाचं लग्न आहे, खोल्या रिकाम्या हव्यात. दिला शब्द.

८ जानेवारी, सकाळी
आमची सौ., क्रांती, म्हणाली, मिरजेच्या इंजिनिअरकडून ऑनलाइन अर्ज करू या. तिला समजावलं, ऑनलाइन हे ओळख नसलेल्यांसाठी असतं. उठून स्वयंपाकघरात गेली. पटलं असावं.

दुपारी
अर्ज समक्ष दिला. नकाशा मीच काढलेला. वर माझी अभ्यासिका. साहेब मीटिंगमध्ये. सयाजी क्लार्क म्हणाला, आवं, तुमचं झालंच समजा. समजलो. येताना अर्धा किलो जिलेबी घेतली.

२ फेब्रुवारी
साहेब साइटवर. सयाजीने आज ‘समजा’वर जरा जास्त जोर दिला. चांगलं लक्षण.

२० फेब्रुवारी
झालेल्या कामाबद्दल सारखं विचारणं बरं दिसत नाही. गुंडा गवंड्याला पाया खणायला सांगितलं. तो म्हणाला, परवानगीचा कागद बघू द्या की. ज्याची वर ओळख नसते, त्याला कागद लागतो. भाऊसोंना सांगितलं, मे कसला, एप्रिलमध्येच जातो.

२६ फेब्रुवारी
अर्धा पाया झाला. नगरपालिकेची जीप आली. साहेबांची केवढी आस्था. जीपमधल्या माणसांनी काम थांबवलं आणि नोटीस दिली: विनापरवाना बांधकाम. वर नाव क्रांतीचं. काय हा ऑफिसचा निष्काळजीपणा.

२७ फेब्रुवारी
निष्काळजीपणा नाही. प्लॉट क्रांतीच्याच नावावर आहे. बाईच्या नावावर स्टॅम्प ड्यूटी कमी लागते म्हणून तसा घेतला होता. ती हुशारी माझीच. अर्जावर सहीही माझीच. सयाजी म्हणाला, त्यो अर्ज पयल्याच दिवशी बाजूला ठेवलाय की. मग झालंच समजा का म्हणालास, विचारलं. म्हणाला, तुमी लय आशेनं बघत व्हता.

घरी सांगितलं. क्रांती रडली. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२ मार्च
क्रांती मिरजेला, त्या इंजिनिअरकडे निघाली. सोबत येतो म्हणालो. म्हणाली, नको. आणि आता तुमी कुणाला ओळखू नका.

१५ एप्रिल
परवानगी क्रांतीच्या मोबाइलवर आली. दंड भरावा लागला. दोन खोल्या, स्वयंपाकघर. अभ्यासिका नाही. मेपर्यंत घर काही होत नाही, तोवर भाड्याची खोली. तीही तिनेच बघितली. पण साहेबांनी आतून जोर लावल्याशिवाय परवानगी इतक्या लवकर मिळत नाही. उद्या पेढे घेऊन जातो.

१६ एप्रिल
साहेब केबिनमध्ये भेटले. पेढा तोंडात टाकला आणि सयाजीला विचारलं, हे कोण? सयाजी म्हणाला, त्या क्रांतीमॅडम येत व्हत्या न्हवं, त्यांचे मिस्टर. साहेबांचा चेहरा एकदम खुलला. म्हणाले, अहो, मग उभे का, बसा की.

बसलो.